अकरा सेकंद

विक्रोळीला, जुन्या गोदामाच्या तिसऱ्या मजल्यावर
रविवार उजाडायला अजून तीन तास.
बाहेर एप्रिल, आत एसी असा
की तामोरे बाईंनी कानांवरून मफलर गुंडाळलाय.

शहरातल्या चौदा रक्तपेढ्यांचा हिशेब इथे राहतो :
कोणती पिशवी, कोणत्या गटाची,
कुठल्या फ्रीजमध्ये, बाद कधी होणार.
दोन सर्व्हरांत राहतो. एकावर लिहिलं
की दुसरा तेच गिरवतो, पापणीभर मागून.

जुन्या कागदांवर त्यांना मालक आणि गुलाम म्हटलेलं.
बाईंनी पहिल्याच आठवड्यात बॉलपेनने खोडून
वर लिहिलं : थोरली, धाकटी.
आता व्हेंडरची बिलंसुद्धा त्याच नावांनी येतात.

धाकटीला गुरुवारीच नवी आवृत्ती चढवली,
सात पायऱ्या एका उडीत.
मग थोरलीकडची प्रत्येक नोंद तिने पहिल्यापासून उतरवून घेतली,
दोन रात्री,
थोरलीचं काम न अडवता.

आता पडद्यावर एकच आकडा बघत बसायचं :
धाकटी किती मागे.
चार सेकंद. दोन.
अचानक साडेसहा, कारण शीवला कुणीतरी
अख्ख्या महिन्याच्या नोंदी आत्ताच दुरुस्त करायला घेतल्यात,
पहाटे तीनला, देव त्याचं भलं करो.

रेमंड घोन्सालविस यादी मोठ्याने वाचतो :
लिहिणं थांबवायचं.
उरलंसुरलं पोचू द्यायचं.
मग क्रमांक.
"क्रमांक," बाई पुन्हा म्हणतात, माझ्याकडे बघून.

कारण नोंदी वाहत येतात,
पण पुढचा नंबर कोणता, हे धाकटीला कळत नाही.
ते हाताने सांगावं लागतं.
दोन वर्षांपूर्वी तालमीत मी विसरले,
ती एकपासून मोजायला लागली,
आणि प्रत्येक नवी पिशवी दारातूनच परत :
हा नंबर आधीच दिलाय, हा नंबर आधीच दिलाय.
खोट्या पिशव्या, खोटं रक्त,
तरी त्या रात्री घास उतरला नाही.

तीन वाजून सात मिनिटं.
थोरलीला सांगितलं, बाई गं, आता लिहू नकोस.

एक. दोन.
परळला एखादी नर्स एंटर दाबून थांबली असेल
गोल फिरणाऱ्या चकतीसमोर.
तीन.
रेमंड म्हणाला, शून्य.
बाई म्हणाल्या, पुन्हा बघ.
शून्य.
सहा. मी क्रमांक चढवले, मध्ये हजाराची जागा मोकळी सोडून,
पंगतीत उशिरा येणाऱ्यांची पानं सोडतात तशी.
आठ. रस्ता वळवला.
नऊला काहीच झालं नाही.
दहालाही.
अकराला धाकटीने पहिली पिशवी लिहून घेतली :
ओ निगेटिव्ह, परळ, साडेतीनशे मिली.

टाळ्याबिळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
रेमंडने वसईहून आणलेला डबा उघडला.
इथे खायला बंदी आहे,
सुकटीचा वास बंदी जुमानत नाही.

थोरली बंद केलेली नाही.
आठवडाभर ती धाकटीचं ऐकून लिहील,
उलट्या दिशेने,
न जाणो, मागे फिरावं लागलंच तर.
"नावांची अदलाबदल करायची का?" रेमंडने विचारलं.
बाईंनी कागद बराच वेळ हातात धरला,
मग तसाच ड्रॉवरमध्ये ठेवला.

माझी ताई गेली तेव्हा
गॅसच्या नंबरापासून बाबांच्या गोळ्यांपर्यंत
तिचं सगळं माझ्याकडे उतरलेलं होतं,
एक अक्षर गळलं नव्हतं.
पुढचा आकडा तेवढा नव्हता.
हे मी तिथे कुणाला बोलले नाही.

सोमवारी परळहून तक्रार आली :
शनिवारी रात्री सिस्टीम जरा हळू होती.
बाईंनी शेरा मारला, नोंद घेतली,
आणि सही केली,
मफलर अजून गळ्यातच.